सुट्टी नसलेली सम्राज्ञी

ती गोष्ट तुमच्याही फोनवर येऊन गेली असणार. मागे ढोलकी वाजत असते, वर जाड अक्षरांत मजकूर असतो. तमाशातली एक बाई, दिवस भरलेले. ऐन खेळात कळा सुरू होतात. ती मागे जाते, बाळंत होते, दगडानं नाळ तोडते आणि पुन्हा नाचायला उभी राहते. खाली सॅल्यूटचे इमोजी. आपण दोन सेकंद थबकतो, हार्ट देतो, कुणाला तरी पाठवतो आणि पुढच्या रीलवर जातो. खोटं कशाला बोलू, मीही पाठवली होती. त्या बाईंचं नावही तेव्हा धड वाचलं नव्हतं.

नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. अख्खा महाराष्ट्र त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणायचा. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, म्हणजे हे पान वाचणाऱ्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता किंवा नुकताच झाला होता. त्यांच्यावर सिनेमा येतोय अशा बातम्याही मध्यंतरी तुम्ही वाचल्या असतील. सिनेमा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत त्या रीलमध्ये कुणीच न विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. दिवस भरलेली बाई त्या रात्री नाचत का होती?

शौर्य वगैरे सगळं मान्य. पण घरी का नव्हती? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी त्यांचं आयुष्य बघावं लागेल. चला माझ्यासोबत.

फड हेच घर, फड हीच शाळा

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. विठोबाच्या गावात जन्मली म्हणून विठा, असं सांगतात. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचं. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू या दोघांनी तो नावारूपाला आणला. फडाचं नाव होतं भाऊ-बापू मांग नारायणगावकर.

या नावातला मधला शब्द पुन्हा वाचा. आपल्यापैकी अनेकजण फॉर्मवर जात लिहितानासुद्धा इकडंतिकडं बघतात. या कुटुंबानं ती फडाच्या नावातच ठेवली होती, गावोगावी, सगळ्यांना दिसेल अशी. तमाशा जगवला तो प्रामुख्यानं महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांनी. गावाला त्यांचं गाणं हवं असायचं, त्यांची ढोलकी हवी असायची. खेळ संपला की मात्र त्यांची जागा पुन्हा गावाबाहेर. विठा जन्मली ती या दोन्ही गोष्टींच्या मधोमध.

शाळेत तिचं मन फारसं रमलं नाही. रमणार तरी कसं? घर म्हणजे फिरता फड, आज या गावात तर उद्या त्या गावात. पण शाळेतलं जे राहिलं ते फडानं दुसऱ्या मार्गानं भरून काढलं. लहानपणापासून कानावर लावण्या, गौळणी, भेदिक. डोळ्यासमोर रात्रभर चालणारे वग. मोठ्यांचं बघून बघून पोरगी उभी राहिली आणि कुणी मुद्दाम न शिकवता नाचायला, गायला लागली. आपण डिग्रीसाठी तीन-चार वर्षं देतो. तिची इंटर्नशिप पाळण्यातच सुरू झाली होती, आणि तिला शेवटची तारीख नव्हती.

गाणं आणि पाय, दोन्ही एकाच वेळी

तुमच्यातल्या अनेकांनी लावणी पाहिलीय ती गॅदरिंगमध्ये किंवा रिअॅलिटी शोमध्ये. तिथे गाणं स्पीकरवर लागतं आणि नाचणारी नाचते. ढोलकीफडाच्या तमाशात तसं नव्हतं. जी नाचायची तीच गायची, तेही एका दमात.

आधी तमाशाचा क्रम समजून घेऊ. सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, त्यात कृष्ण, गोपी आणि मावशी. नंतर बतावणी आणि लावण्यांची रंगबाजी. शेवटी वग, म्हणजे गोष्ट, जी पहाटेपर्यंत चालू शकते. साथीला ढोलकी, हलगी, कडं, तुणतुणं, झांज. बाई ओळ टाकते, मागचे झीलकरी ती उचलतात, तेवढ्यात ढोलकीचा तोडा येतो, पायातले चाळ त्याला उत्तर देतात आणि तोडा संपायच्या आत श्वास जागेवर आणून पुढची ओळ सुरात घ्यायची असते. मोकळं मैदान, हजारो माणसं. सुरुवातीच्या काळात तर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तो स्वतःच्या छातीच्या बळावर. एकदा घरात कॉलेजचं आवडतं गाणं उड्या मारत म्हणून बघा. दुसऱ्या कडव्याला तुम्ही खाली बसाल.

तिकडे अमेरिकेत सोल नावाचं संगीत याच सुमारास आकार घेत होतं. चर्चमधल्या भजनांतून निघालेलं, काळ्या माणसांच्या जगण्यातून पिकलेलं आणि ऐकताना पाय आपोआप हलवणारं. त्याची राणी अरेथा फ्रँकलिन. जन्म १९४२ चा, वडील धर्मोपदेशक. ती चर्चमध्ये गाता गाताच तयार झाली आणि चौदाव्या वर्षी तिचं गाणं ध्वनिमुद्रितही झालं. विठाबाईंची पिढी साधारण हीच. गणगौळणीपासून सुरुवात, घरातूनच मिळालेला सूर, समाजानं दूर ठेवलेल्या माणसांची कला आणि ऐकणाऱ्याला जागेवर बसू न देणारा ताल. दोघींमध्ये सात समुद्रांचं अंतर आहे, पण मला त्या एकाच पंगतीतल्या वाटतात.

अरेथाबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कार्यक्रमाचे पैसे रोख हातात पडल्याशिवाय ती गायला जात नसे, आणि पैशांची पर्स मंचावरही नजरेसमोर ठेवत असे. काळ्या कलाकारांना आयोजक कसे फसवतात, हे तिनं तरुणपणापासून पाहिलं होतं. ही पर्स लक्षात ठेवा. आपल्याला ती पुढे लागणार आहे.

बंदी, मान आणि सीमा

विठा बारा-तेरा वर्षांची होती तेव्हा देश स्वतंत्र झाला. त्याच सुमारास मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं अश्लीलतेचं कारण देत तमाशावर बंदी घातली. एका आदेशानं शेकडो माणसांच्या चुली थंड होणार होत्या. तमासगीरांनी सरकारचे उंबरठे झिजवले. मग समिती बसली, सुधारणेच्या अटी आल्या आणि तमाशा पुन्हा उभा राहिला. आपली कला म्हणजे गुन्हा ठरू शकते, हे त्या पोरीनं ऐन घडायच्या वयात पाहिलं.

आणि दहाच वर्षांत चित्र पालटलं. १९५७ मध्ये विठाबाईंना आणि त्यांच्या फडाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. मी आज बावीस वर्षांची आहे आणि या पानावर स्वतःचं नाव छापून आलं की अजून त्याचा फोटो काढते. म्हणून हा आकडा माझ्या जरा जास्तच लक्षात राहिला. १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटलं, तेव्हा विठाबाई सीमेवरच्या जवानांसमोर गायल्या, नाचल्या. कालपर्यंत ज्या कलेला सरकार नाकं मुरडत होतं, तीच आता सैनिकांचं मनोबल वाढवायला बोलावली जात होती.

वडील-चुलत्यांचा वारसा घेऊन त्या पुढे स्वतःच्या नावावर फड चालवू लागल्या. विठाबाई येणार म्हटलं की पंचक्रोशीतून बैलगाड्या निघत. आमच्या मराठवाड्यातही जत्रा आणि तमाशा ही जोडी पक्की आहे. नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही फड उभे राहतात. माझ्या आजोबांच्या वयाची माणसं तमाशाच्या आठवणी सांगताना खुलतात. आजीच्या वयाच्या बायका मात्र गप्प असतात, कारण त्यांनी तमाशा कधी पाहिलाच नाही. बायकांनी तिकडं जायचं नसतं, असा नियम होता. एका बाईच्या जोरावर चालणारा खेळ, आणि बघायला बाईला बंदी. गंमतच म्हणायची!

उचल नावाचा शब्द

आता पैशांकडे येऊ. रीलमध्ये हे कधी येत नाही, पण उत्तर इथेच दडलंय.

तमाशाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. त्याआधी फडाच्या मालकाला माणसं जमवायची असतात. गायिका, नाचणाऱ्या मुली, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर. मोठ्या फडात माणसांचा आकडा शंभराच्या घरात जातो. ही माणसं अशीच येत नाहीत. हंगामाआधी ती आगाऊ रक्कम घेतात आणि मग हंगामभर खेळ करून ती फेडतात. या रकमेला उचल म्हणतात. मालकाकडे तरी इतका पैसा कुठून असणार? तो सावकाराकडून व्याजानं घेतो. मग पावसाळ्यापर्यंत गावोगाव खेळ करायचे. काही खेळ तंबूत तिकीट लावून होतात, तर काही गावकऱ्यांनी जत्रेसाठी ठरवलेल्या सुपारीवर. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पुढारी मंडळी तिथे येऊन आपापल्या जत्रेची सुपारी देतात. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते म्हणूनच.

या गणितात एक खेळ बुडाला तर काय होतं? अवकाळी पाऊस आला, गावात दुखवटा झाला, भांडणं झाली, खेळ बंद. पण शंभर माणसांचं जेवण बंद होत नाही. ट्रकचं डिझेल, तंबूचं भाडं, सावकाराचं व्याज, काहीच थांबत नाही. त्यात लोक येतात ते एका नावासाठी. पोस्टरवरचं ते नाव त्या रात्री दिसलं नाही, तर तिकिटाचे पैसे परत मागायला पब्लिक मागंपुढं बघत नाही.

उचल हा शब्द मी तमाशाच्या संदर्भात पहिल्यांदा वाचला तेव्हा चमकलेच. कारण आमच्या तीर्थपुरीत, घनसावंगी तालुक्यात, हा शब्द लहान पोरांनाही माहीत असतो. इथे तो ऊसतोडीचा शब्द आहे. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात, तर कुणी बाहेरून आमच्याकडेही येतं. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. आजारी पडा, पाळी असो, दिवस गेलेले असोत, उचल फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. फडात बाळंत झालेल्या बायकांच्या गोष्टी आमच्याकडे नव्या नाहीत. फरक इतकाच की तो फड उसाचा असतो.

होय, शब्द तोच. उसाचाही फड आणि तमाशाचाही फड. त्यातली बाईही तीच. फक्त एकीच्या पायात चाळ होते म्हणून तिची रील झाली.

त्या रात्रीचा हिशेब

आता त्या रात्रीकडे पुन्हा एकदा बघू.

विठाबाईंना नववा महिना होता. खेळ रंगात आला होता. मध्येच त्यांना कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर यायला सज्ज झाल्या. काही वेळापूर्वी जिचं पोट दिसत होतं तिचं पोट आता दिसत नाही, हे प्रेक्षकांच्या लक्षात आलं. चौकशी झाली, काय घडलं ते कळलं आणि लोक सुन्न झाले. खेळ थांबवला गेला. प्रेक्षकांनीच बाईंच्या हिमतीला दाद देऊन त्यांना विश्रांती घ्यायला लावलं.

रील संपते ती इथे. पण ज्यांनी उचल म्हणजे काय हे आत्ताच वाचलंय, ते तुम्ही आता ही गोष्ट तशीच वाचू शकाल का?

देशात प्रसूती लाभ कायदा १९६१ मध्ये आला. बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची पगारी सुट्टी, जी २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली. सुरुवातीला तो कारखाने, खाणी, मळे अशा ठिकाणांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीनं घोडेस्वारीचे, कसरतींचे आणि तशा इतर खेळांचे प्रयोग करणाऱ्या संस्थाही त्यात आल्या. म्हणजे ज्यांचं पोट शरीराच्या कसरतीवर चालतं, त्या बाईलाही बाळंतपणात सुट्टी लागते, हे कायद्याला कळलेलं होतं. पण तमाशाच्या कनातीत हजेरीपट कुठला आणि पगारपत्रक कुठलं? आणि जिच्या नावावर फड चालतो, जिच्या घामावर शंभर माणसं जेवतात, तिला सुट्टी देणार कोण? तिनं स्वतःच स्वतःला द्यायची, आणि मग व्याजही स्वतःच भरायचं.

म्हणून मला वाटतं, त्या रात्री विठाबाई थोर होत्याच, पण त्या तिथे होत्या ते थोरवीसाठी नाही. त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता. आपण त्या नाइलाजाला शौर्य म्हणतो, कारण शौर्य म्हटलं की टाळ्या वाजवून मोकळं होता येतं. नाइलाज म्हटलं तर पुढचे प्रश्न येतात. प्रेक्षकांना ते त्या रात्री कळलं होतं, असं मला वाटतं. त्यांनी नुसती दाद दिली नाही, खेळ थांबवला. अख्ख्या गोष्टीत बाईंना विश्रांती दिली ती फक्त त्या खेड्यातल्या पब्लिकनं. आणि रील करताना नेमका तोच भाग कापला जातो.

पडद्यावरचा तमाशा, कनातीतला तमाशा

विठाबाईंच्या ऐन भराच्या काळात तमाशावर कुणीच कमावलं नाही, असं मात्र नाही. १९५९ मध्ये सांगत्ये ऐका हा सिनेमा आला आणि पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांचा पिंजरा आला. तमाशाप्रधान सिनेमांची लाटच होती. लावणी रेकॉर्डवर गेली, रेडिओवर गेली, सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यात पोचली. २०१० च्या नटरंगची गाणी तर तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिलीच असतील.

म्हणजे लावणीला मान मिळाला, पैसा मिळाला. पण तो गेला पडद्याकडे. कनातीत गाणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. उलट, ज्या सिनेमानं तमाशाचं गाणं उचललं, त्याच सिनेमाची गाणी म्हणा अशी फर्माईश तमाशातले प्रेक्षक करू लागले. पुढे टीव्ही घरात आला, व्हिडिओ आला. रात्रभर वग बघायला बसणारी माणसं कमी झाली. फडांनीही मग ऑर्केस्ट्रा आणला, लाइट आणले, खर्च वाढवला. उत्पन्न मात्र त्या वेगानं वाढलं नाही.

विठाबाईंच्या गाण्याचं तर आणखी एक दुखणं. त्यांची खरी कला होती ती समोर बसलेल्या माणसाशी डोळ्यांनी बोलत, त्याच्या शिट्टीला उत्तर देत, ढोलकीला चिडवत गाण्यात. रोज नवी. अशी कला स्टुडिओत मावत नाही. अरेथाची गाणी तुम्ही आत्ता, या क्षणी मोबाइलवर ऐकू शकता, आणि ती वाजतील तोवर त्याचं मोल कुणाच्या ना कुणाच्या खात्यात जमा होत राहील. विठाबाईंची हजारो रात्रींची गाणी मैदानातच विरली. ज्यांनी ऐकली त्यांच्या आठवणीत राहिली, आणि आता ती माणसंही एकेक करून जात आहेत.

मानपत्र आणि बिल

१९९० मध्ये विठाबाईंना दुसऱ्यांदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पहिल्या आणि दुसऱ्या पुरस्कारात तेहतीस वर्षांचं अंतर आहे. या तेहतीस वर्षांत त्यांनी फड चालवला, मुलांना वाढवलं, नव्या पोरींना उभं केलं, किती गावं पालथी घातली याची मोजदाद नाही. देशानं दोनदा गौरवलेली बाई म्हातारपणी निवांत असायला हवी होती. तशी ती नव्हती. अखेरचा काळ ओढगस्तीचा गेला. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांच्या देणग्या लागल्या.

अरेथाची पर्स आठवली का? ती पर्स मंचावर ठेवायची ताकद एका कलावंताकडे होती, दुसरीकडे नव्हती. विठाबाईंची पर्स असतीच, तर त्यातून आधी ढोलकीवाल्याची उचल गेली असती, मग स्वयंपाक्याची, मग सावकाराची. त्यांच्यासाठी त्यात काय उरलं, ते २००२ च्या त्या बिलानं सांगितलं.

त्यानंतर सरकार जागं झालं. २००६ पासून राज्य सरकार तमाशासाठी आयुष्य वेचलेल्या कलावंतांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. कांताबाई सातारकर यांच्यासारख्या दिग्गजांना तो मिळाला. पुढे विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही मिळाला. आईच्या नावाचा पुरस्कार मुलीच्या हातात, हे चित्र छानच आहे. मंगलाताईंनी आईसारखाच स्वतःचा फड उभा केला, मुलाला सोबत घेऊन चालवला. आजोबा नारायण खुड्यांपासून मोजलं तर बोर्डावर उभी राहिलेली ही पुढची पुढची पिढी. तमाशातली माणसं रंगमंचाला बोर्ड म्हणतात.

पण पुरस्कारानं उचल फिटत नाही. कोरोनाच्या काळात जत्रा बंद झाल्या, सलग हंगाम बुडाले आणि फडांतल्या कलावंतांवर मिळेल ते काम करायची वेळ आली. आपण तेव्हा ऑनलाइन लेक्चरला कॅमेरा बंद करून झोपत होतो. त्यांच्याकडे बंद करायला कॅमेरा नव्हता, चालू करायला खेळ नव्हता, आणि सावकाराचं व्याज तेवढं सुरू होतं.

मग आपण काय करायचं?

विठाबाईंवर योगीराज बागूल यांनी तमाशा: विठाबाईच्या आयुष्याचा हे चरित्र लिहिलंय. कॉलेजच्या लायब्ररीत नसेल तर मागवायला लावा, मागणी नोंदवायला एक अर्ज पुरतो. आसपासच्या जत्रेत फड आला तर एकदा जा. मुलींनो, तुम्हीही जा, मैत्रिणींचा ग्रुप करून जा. आपल्या आज्यांना जे बघू दिलं नाही ते आपण तिकीट काढून बघू. तिकीट काढून, हे महत्त्वाचं. पुढच्या रांगेत बसून फुकट व्हिडिओ काढणं म्हणजे दाद नाही. आणि आपल्या गॅदरिंगला लावणीसाठी कलावंत बोलावले तर ठरलेली रक्कम त्याच दिवशी, त्यांच्या हातात द्या. कमिटीतल्या मुलांना पेमेंट नंतर बघू म्हणायची सवय लवकर लागते, हे मी जवळून पाहिलंय.

आणि ती रील पुन्हा येईलच. या वेळी पाठवताना वर एक ओळ स्वतःची लिहा. दगड आणि नाळ सगळ्यांना पाठ झालंय. त्या रात्री खेळ कुणी थांबवला, तेवढं लिहा.

मी परवा तीर्थपुरीला घरी गेले होते. पहाटे रस्त्यावरून ऊसतोडीचा ट्रॅक्टर चालला होता. मागे भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी आणि या सगळ्यावर बसलेली माझ्याच वयाची एक मुलगी. सातवा महिना असावा. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. खिशात फोन होता, पण काढावासा वाटला नाही. ट्रॅक्टर वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी मनातल्या मनात हिशेब करत होते, हंगाम संपायला अजून किती दिवस आहेत आणि तिचे किती.